मी मामी नाही

माझ्या मुलाची चेन्नईहून पुण्याला बदली झाली तेव्हा त्याने मला विचारलं नाही, सांगितलं. जेवायला बसलो होतो. म्हणाला, "मे महिन्यात निघायचं. हे घर भाड्याने देऊ. आई, तुझं सामान कमी करायला लाग."

मी म्हणाले, "मी येत नाही."

सुनेने भात वाढता वाढता हात थांबवला. मुलगा हसला. मी काही बोलले की तो आधी हसतो आणि मग चिडतो.

"येत नाही म्हणजे? इथे एकटी राहणार?"

"हो."

"आई, गेल्या दिवाळीत तू टी. नगरला हरवली होतीस. मी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुला शोधायला आलो."

हे खरं होतं. साड्यांच्या दुकानांच्या त्या रस्त्यावर माणसांचा लोंढा असतो. मी एका बाजूने आत गेले आणि दुसऱ्याच बाजूने बाहेर पडले. पण ते गर्दीत हरवणं होतं. मी म्हणाले, "गर्दीत कोणीही हरवतं. मला डोंगरात सोड, बघ हरवते का."

"जा मग डोंगरात," तो म्हणाला. "एकटी जा, एक रात्र राहा आणि एकटी परत ये. कोणाला सोबत घ्यायचं नाही, मला बोलवायचं नाही. तसं केलंस तर राहा इथे, मी एक शब्द बोलणार नाही."

त्याने ते चिडून म्हटलं होतं. मी म्हणाले, "ठरलं."

सून त्याला म्हणाली, "तुम्ही काय बोलून बसलात! आई खरंच जातील."

तिने मला बरोबर ओळखलं होतं.

मी चेन्नईत का राहायचं म्हणत होते ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल नवऱ्याच्या आठवणीसाठी. तसं काही नाही. नवरा गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होता, चांगला माणूस होता, वारला. आठवणी पुण्यातही येतात. माझी अडचण स्वयंपाकघराची होती. गिंडीच्या घरात स्वयंपाकघर माझं आहे, सून त्यात येते. पुण्यात घर ती लावणार, मग स्वयंपाकघर तिचं आणि मी त्यात येणार. ती वाईट नाही. पण मीठ कुठल्या डब्यात आहे हे मला विचारावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. शिवाय पुण्यात माझं ओळखीचं कोणी नाही. माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात. तिथेही आता कोणी उरलेलं नाही. अठराव्या वर्षी मद्रासला आले आणि पासष्टी गाठली ती इथेच.

चेन्नई सपाट आहे. डोंगर म्हणायचा तर परंगीमलै, त्याला इंग्रजीत सेंट थॉमस माउंट म्हणतात. आमच्या घरापासून जवळच आहे. वर चर्च आणि चढायला पायऱ्या. मुलाची कॉलेजात असतानाची पाठीवरची सॅक माळ्यावरून काढली, तिच्यात ज्वारीच्या पिठाचे डबे घातले आणि रोज सकाळी त्या पायऱ्या चढायला लागले. लोकांना वाटलं मी नवस फेडतेय. एका बाईने मला मेणबत्ती दिली. मी ती घरी आणली, वीज गेल्यावर उपयोगाला आली.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सहावारीच्या निऱ्यांत पाय अडकला आणि पडता पडता वाचले. सहावारी ही बसमध्ये चढण्याची साडी आहे, डोंगर चढण्याची नव्हे. घरी येऊन ट्रंकेच्या तळातलं नऊवारी लुगडं काढलं. पोरवयात मी काष्टा घालूनच डोंगर चढले-उतरले, डोक्यावर भारा घेऊन. पुन्हा नेसून बघितलं. हात विसरले नव्हते.

कुठे जायचं ते आमच्या वॉचमनने सुचवलं. त्याचं गाव तिरुपत्तूरजवळ, जव्वादू डोंगराच्या पायथ्याला. तो म्हणाला, "पाट्टी, एका बाजूने चढा. वर बस जात नाही अशी वस्ती आहे, तिथे रात्र काढा. दुसऱ्या दिवशी पलीकडे आलंगायमला उतरा. बाजाराला जाणारे लोक रोज चालतात तो रस्ता. वाघ नाही, चोर नाही." पाट्टी म्हणजे आजी. सहावारीतल्या मला चेन्नईत सगळे पाट्टी नाहीतर इंदीक्कारम्मा, म्हणजे हिंदीवाली बाई, म्हणतात. मराठी आणि हिंदी त्यांना एकच. मी कधी दुरुस्त केलं नाही.

पोंगल होऊन गेल्यावर, थंडी संपता संपता, नऊवारी नेसून निघाले. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, पाण्याच्या बाटल्या, एक चादर. सुकट घेणार होते, पण सून म्हणाली, "आई, गाडीच्या डब्यात वास सुटेल, लोक उठून जातील." म्हणून राहिली. मुलाने त्याचा जुना मोबाईल दिला. "ठेव जवळ. लागला तर कर," म्हणाला. त्याला मी फोन करावा असंच वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

सेंट्रल स्टेशनवर कॉफीवाला समोर येऊन म्हणाला, "मामी, कॉफी?"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

आपल्याकडे मामी म्हणजे मामाची बायको. चेन्नईत मामी म्हणजे अय्यर किंवा अय्यंगार घरातली बाई, ब्राह्मणीण. मैलापूरला देवळाच्या गल्ल्यांत मामीच मामी दिसतात. आता त्याही रोजच्याला सहावारीच नेसतात, पण सणाला, कार्याला नऊवारी नेसतात, काष्टा घालून. तमिळ मुलखात काष्टा त्यांच्याशिवाय दुसरं कोणी घालत नाही. आपल्याकडे शेतातली बाई घालते, कोळीण घालते, ब्राह्मणीण घालते, नेसायची तऱ्हा तेवढी वेगळी. हे त्या कॉफीवाल्याला कोण सांगणार? आम्ही मराठे, कोंबडी-मटण-मासळी खाणारे. पण मी कॉफी घेतली आणि गप्प बसले.

गाडीत एका माणसाने मला खिडकी दिली. त्याच्या मांडीवर ब्रेड-ऑम्लेटचा पुडा होता. तो त्याने घाईघाईने मिटला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. मी उतरेपर्यंत बिचाऱ्याने काही खाल्लं नाही. मला ते ऑम्लेट दिसत होतं आणि मलाही भूक लागली होती. तेव्हा गंमत वाटली. बसमध्येही कंडक्टरने दोन पोरांना उठवून मला जागा दिली. काष्ट्याचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता.

चढ सोपा नव्हता, पण वाट साफ होती. कोरडं जंगल, बांबू, मोठे दगड, मधे मधे चिंचेची झाडं. मी लहानपणी शिकले तशी चढले. चढताना बोलायचं नाही आणि बसायचं नाही. दम लागला तर झाडाला पाठ टेकून उभं राहायचं. बसलं की गुडघे ऐकत नाहीत. वरून बायका चिंचेची गाठोडी घेऊन उतरत होत्या. मला बघितलं की वाट सोडून बाजूला उभ्या राहायच्या, मान खाली घालून. मी एकीला विचारलं, वस्ती किती लांब? तिने हाताने दाखवलं, तोंडाने बोलली नाही. मला ते विचित्र वाटलं. बाईमाणूस डोंगरात भेटल्यावर दोन शब्द बोलतंच.

ऊन कलताना वस्तीवर पोचले. मातीची घरं, गवताची छपरं, मधे मोकळं अंगण. कोंबडीचा रस्सा शिजत होता. मसाला भाजल्याचा वास वाटेच्या वळणापासूनच येत होता, आणि खरं सांगायचं तर शेवटचा चढ मी त्या वासावरच चढले. सबंध दिवस भाकरी-चटणीवर काढला होता.

मी अंगणात आले आणि सगळं गप्प झालं.

एक म्हातारा उठला. खांद्यावरचं पंच्यासारखं फडकं त्याने काढलं आणि कमरेला गुंडाळलं. मोठ्या माणसासमोर तमिळ माणूस असं करतो. कोणीतरी रश्श्याचं भांडं उचलून घरात नेलं आणि दार लावून घेतलं. कोणीतरी नवी चटई आणली, झटकली आणि चिंचेखाली अंथरली. माझ्यापासून सगळे चार हात लांब उभे राहिले.

म्हातारा म्हणाला, "वांगो अम्मा, या. माफ करा, वास येतोय. तुम्ही येणार हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

"वास चांगला येतोय," मी म्हणाले.

तो कसनुसा हसला. मी त्याची लाज राखतेय असं त्याला वाटलं.

मग त्यांनी माझी सोय लावली. न वापरलेलं मडकं आणलं, तीन दगड मांडले, लाकडं ठेवली, सुपात डोंगरातल्या बारीक वरीचे तांदूळ आणि थोडं मीठ. पाणी कोणी दिलं नाही. झऱ्याकडे बोट केलं. म्हातारा म्हणाला, "अय्यरम्मा, आमच्या हातचं तुम्हाला कसं चालेल? तुम्हीच पाणी भरा, तुम्हीच शिजवा. आम्ही शिवणार नाही."

दिवसभर डोंगर चढून आल्यावर मला चूल पेटवायला सांगत होते, आणि तेही मान देऊन.

मी म्हणाले, "मी अय्यर नाही. मी मामी नाही. नान मामी इल्ले."

सगळे हसले, प्रेमाने. म्हातारा बाकीच्यांना म्हणाला, "बघा, मोठ्या घरची माणसं अशी असतात. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात."

"अरे, खरंच नाही. आम्ही मराठी लोक. आमच्याकडे सगळ्याच बायका असं नेसतात."

"हो अम्मा, हो अम्मा."

इथपर्यंत फक्त भुकेचा प्रश्न होता. पुढे म्हाताऱ्याने जे काढलं त्याने घराचाच प्रश्न झाला. त्याने विचारलं, "घरचं कोण आहे बरोबर?"

"कोणी नाही. एकटी आलेय. उद्या आलंगायमला उतरणार."

त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. तो म्हणाला, "एकट्या? अय्यर घरच्या बाईला आम्ही डोंगरातून एकटीला सोडायचं? तुम्हाला काही झालं तर ते पाप आमच्या माथ्यावर." मग त्याने जावयाला हाक मारली. "सायकल काढ. जंगल खात्याच्या बंगल्यावर फोन आहे. सांग, मद्रासच्या एक अय्यरम्मा वाट चुकून आल्यात. उद्या सकाळी जीप पाठवा. अम्मा, घरचा नंबर सांगा, ते तुमच्या लोकांना कळवतील."

जावई घरामागून सायकल काढून उभा राहिला.

आता बघा काय झालं असतं. जंगल खात्याचा माणूस मुलाला फोन करणार, तुमची आई वाट चुकलीय म्हणणार. मुलगा रात्रीच गाडी करून निघणार. सकाळी जीपमधून मला खाली नेऊन त्याच्या ताब्यात देणार. नंबर नाही दिला तरी जीप येणारच. पैज गेली, घर गेलं, मे महिन्यात मी पुण्यात सुनेला मिठाचा डबा विचारणार. आणि हे सगळं कोणी वाईट केलं म्हणून नाही, तर माझा मान ठेवला म्हणून.

मी ओरडलेच. "इन्नाय्या इदु! हे काय चालवलंय! मी वाट चुकले नाही, कोणाला फोन करायचा नाही, सायकल ठेव आत!"

माझं तमिळ हे मासळीबाजारातलं आहे. मी ते पुस्तकातून शिकले नाही, मासळीवाल्यांशी घासाघीस करता करता शिकले. नवरा म्हणायचा, तू तमिळ बोललीस की मला टोपलीचा वास येतो.

घराच्या ओट्यावर एक म्हातारी चिंचा सोलत बसली होती. ती त्या म्हाताऱ्याची बायको. तिने पानाची पिंक टाकली आणि म्हणाली, "ही अय्यर घरची नाही."

"तू गप्प बस," म्हातारा म्हणाला.

"तूच बस गप्प. तिची जीभ ऐकलीस का? बाजारात करुवाडू विकायला बाई येते ती अशी बोलते." करुवाडू म्हणजे सुकी मासळी.

"मद्रासचे लोक असेच बोलतात."

"तू किती वेळा गेलायस मद्रासला?"

म्हातारा कधी गेला नव्हता. लोक हसले. जावई सायकल धरून एकदा सासऱ्याकडे बघत होता, एकदा सासूकडे.

म्हातारी उठली, घरात गेली आणि ॲल्युमिनियमच्या ताटलीत एक तुकडा घेऊन आली. माझ्यासमोर जमिनीवर ताटली ठेवली. "नाहीस ना अय्यर? मग खा."

म्हातारा ओरडला, "पाप! पाप! उचल ते!"

ताटलीत कोंबडीची मान होती.

तंगडी दिली असती तर त्याला काही अर्थ नव्हता. तंगडी कोणीही खाईल, हट्टाला पेटलेली ब्राह्मणीणसुद्धा डोळे मिटून एक घास चावेल. मान तशी खाता येत नाही. मानेला मांस असतं कुठे? मणक्यामणक्याच्या फटीत. ते दातांनी कसं काढायचं, मणका कुठून मोडायचा, आतली दोरी कशी ओढायची, हे ज्याने लहानपणी भावंडांत उरलेली मान खाल्लीय त्यालाच येतं. आमच्या घरी तंगड्या भावांना, काळीज बापाला आणि मान मला. म्हातारीने विचार करूनच तो तुकडा आणला होता.

मी चटईवर मांडी घालून बसले आणि खायला लागले. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. तिखट चांगलं होतं, काळी मिरी भरपूर. एक एक मणका मोडला, चोखला आणि ताटलीच्या कडेला ठेवला. घाई केली नाही. वस्तीतलं एक कुत्रं येऊन बसलं होतं. शेवटी ताटली त्याच्यापुढे सरकवली. त्याने हाडं हुंगली आणि माझ्याकडे बघून निघून गेलं. त्याच्यासाठी काही ठेवलंच नव्हतं.

म्हातारी हसली ती तिच्या तोंडातलं पान दिसेपर्यंत. "जन्मापासून खातेय ही," ती नवऱ्याला म्हणाली. "दार उघड, रस्सा बाहेर आण. पोरं कधीची भुकेली आहेत."

म्हाताऱ्याने कमरेचं फडकं सोडलं आणि पुन्हा खांद्यावर टाकलं. मग खाली बसला आणि विडी पेटवली. जावयाने सायकल भिंतीला लावली. आणि मी बघत असताना एक बाई आली, माझ्याखालची नवी चटई ओढून घेतली, गुंडाळली आणि आत नेऊन ठेवली. मी जमिनीवर आले. बरं वाटलं.

जेवताना सगळे एकदम बोलायला लागले. मघाशी चार हात लांब असलेल्या बायका माझ्या अंगाला लागून बसल्या. एकीने काष्ट्याला हात लावून बघितला. दुसरीने विचारलं, "सुनेने हाकललं का?"

"नाही गं. मुलगा पुण्याला चाललाय, मला न्यायचं म्हणतो. मला जायचं नाही. एकटी डोंगरात राहून परत आले तर घर माझं, असं ठरलंय."

"मग जात का नाहीस मुलाबरोबर?" म्हाताऱ्याने विचारलं. आता तो मला अगं-तूगं करत होता.

"चूल तिची होईल."

बायकांना एवढंच पुरलं. सगळ्यांनी माना हलवल्या. म्हातारा म्हणाला, "मुलगा बरोबर बोलतोय. म्हाताऱ्या बाईने एकटं राहू नये."

"तुझा जावई तुझ्या घरात राहतो," म्हातारी म्हणाली. "तू जाशील का त्याच्या घरात राहायला?"

"त्याला घर कुठाय?"

"असतं तर गेला असतास?"

म्हातारा विडी ओढत राहिला. जावई खाली बघून हसत होता. म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "तुला काय झालं हसायला?" तो म्हणाला, "काही नाही मामा, मसाल्याने डोळ्यात पाणी आलं."

जेवण झाल्यावर म्हातारीने माझ्यापुढे चिंचांचा ढीग ओतला. पाहुणी म्हणून बसवून ठेवायचे दिवस संपले होते. चिंचेचं टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. दिसेनासं होईपर्यंत सोलत बसलो. मग ओट्यावर माझी चादर टाकून झोपले. पायाशी शेळ्या बांधल्या होत्या, त्यांची ऊब लागत होती.

सकाळी मी सॅक पाठीला लावली तेव्हा म्हातारी विळा घेऊन दुसऱ्या वाटेने चालली होती. मी रस्ता विचारला. ती म्हणाली, "ओढा डाव्या हाताला ठेव. जिथे वाट फुटते तिथे खालची धर. वरची शेळ्यांची आहे." आणि गेली. वळून बघितलं नाही. म्हातारा अंगणात नव्हता. मला सोडायला कोणी आलं नाही. काल हेच मी ओरडून मागितलं होतं.

उतार चढापेक्षा वाईट निघाला. चढताना छाती दुखते, उतरताना गुडघे, आणि या वयात गुडघेच आधी गेलेले असतात. वाट फुटली तिथे खालची धरली. पुढे सुट्या खडीचा पट्टा होता. मी आडवं पाऊल टाकत होते, पण एक दगड निसटला आणि मी बसकण मारून बरीच खाली घसरले. नडगी सोलली. रक्त आलं. सॅक पाठीखाली आल्यामुळे डोकं वाचलं.

मी तिथेच बसून राहिले. आजूबाजूला कोणी नाही. हाक मारली असती तर ऐकायलाही कोणी नव्हतं. त्या वेळी जावई सायकल घेऊन आला असता तर मी नको म्हणाले नसते. हे मुलाला मी कधी सांगितलं नाही, पण इथे लिहिते.

आणि नेमका तेव्हा सॅकमधला मोबाईल वाजला. वर त्याला रेंज नव्हती, इथे खाली आल्यावर लागली. मुलगा होता.

"आई! कालपासून लावतोय. कुठे आहेस?"

"उतरतेय."

"आवाज असा का? पडलीस?"

"बसलेय."

"पडलीस का विचारतोय."

"पडले होते. आता बसलेय."

तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, मी निघू का? आलंगायमपर्यंत गाडी येते. तू फक्त तिथेच बस."

नडगी ठणकत होती. हो म्हणायला काही लागत नव्हतं. तो भांडत असता तर सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "निघू नकोस. बॅटरी संपेल, ठेवते," आणि ठेवला.

पायाला रुमाल बांधला, बांबूची एक वाळकी काठी उचलली आणि बसल्या बसल्याच सरकत तो खडीचा पट्टा पार केला. लुगड्याची मागची बाजू फाटली. खाली सपाटी लागल्यावर उभी राहिले. आलंगायमला पोचायला दुपार झाली. बसमध्ये कंडक्टरने "मामी" म्हणून पुढची जागा दिली. मी सरळ जाऊन बसले. पाय दुखत होता.

गिंडीला लोकलमधून उतरले तेव्हा मुलगा प्लॅटफॉर्मवर उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे, ती गाडी मी पकडेन हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्याने फाटकं लुगडं बघितलं, काठी बघितली, पायाचा रुमाल बघितला आणि सॅक घ्यायला हात पुढे केला.

"घरी पोचल्यावर," मी म्हणाले.

तो माझ्याबरोबर चालत आला, माझ्या चालीने. दारात मी सॅक उतरवली आणि त्याच्या हातात दिली. सुनेने गरम पाणी आणलं, पाय धुतला, हळद लावली. मी दोघांना सगळं सांगितलं. मामीचं ऐकून दोघं हसली. मानेचं सांगितल्यावर मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तो गंभीर झाला.

"पण पडलीस ना," तो म्हणाला.

"पडले."

"इथे एकटी असताना पडलीस तर?"

"उठेन."

"आणि उठता नाही आलं तर?"

"तर नाही येणार," मी म्हणाले. "तू पुण्यात मला धरून बसणार आहेस का? तू बँकेत असशील. ही बाजारात असेल. मी तिथेही एकटीच पडेन, फक्त लोक अनोळखी असतील."

त्याने सुनेकडे बघितलं. तिने हळदीची वाटी उचलली आणि म्हणाली, "तुम्हीच शब्द दिला होता." माझ्या बाजूने ती पहिल्यांदाच बोलली. तिलाही तिचं स्वयंपाकघर हवं असणार. मला त्यात राग यावा असं काही वाटलं नाही.

मुलगा गॅलरीत गेला. घर बघायला रविवारी भाडेकरू येणार होते. ज्या दलालाने ते आणले होते त्याला त्याने फोन करून सांगितलं की घर द्यायचं नाही. कारण विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "आई राहतेय." आणि आत येऊन जेवायला बसला.

मे महिन्यात त्यांच्या सामानाचा टेम्पो आला. मी सुनेला म्हणाले, भांड्यांतलं हवं ते ने. तिने पितळेची परात घेतली, पोळ्यांचा डबा घेतला, किसणी घेतली. मग कुकरला हात लावला.

"तो राहू दे," मी म्हणाले. "पुण्यात मिळतात."